चावीचं घड्याळ अचानक पुढे पळायला लागलं तर

जुनं एचएमटी जनता किंवा कुठलंही चावीचं घड्याळ दिवसाला दहा-वीस सेकंद पुढे जात असेल, तर काळजीचं कारण नाही. पण काल ठीक चालणारं घड्याळ आज तासाला दोन-चार मिनिटं पुढे जायला लागलं, तर पहिला संशय चुंबकावर घ्या. स्पीकर, टॅबलेटचं कव्हर, पर्सचं चुंबकी बटण यांपैकी कशावर तरी रात्रभर पडून होतं का, आठवून बघा. आतली केसाएवढी बारीक हेअरस्प्रिंग चुंबकित झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. स्प्रिंगची लांबी जणू कमी होते, बॅलन्स व्हील (या स्प्रिंगच्या जोरावर मागेपुढे झुलणारं चाक) भराभर झुलतं आणि काटे धावतात.

साधं होकायंत्र काचेजवळ धरा. सुई थरथरली किंवा घड्याळाबरोबर फिरली, तर निदान जवळजवळ पक्कं. (मोबाइलमधलं होकायंत्र इथे नको, मोबाइलमध्येच चुंबकं असतात.) घड्याळजीकडे डिमॅग्नेटायझर (चुंबकत्व काढणारं यंत्र) असतो, काम मिनिटाचं. स्वतःचा असेल तर बटण दाबून ठेवून घड्याळ हळूहळू हातभर लांब न्या, मगच बटण सोडा. जवळ असतानाच सोडलंत तर चुंबकत्व परत बसू शकतं.

तरीही पळतंय? मग हेअरस्प्रिंगला तेल लागलं असेल किंवा धक्क्याने वेढा अडकला असेल. ते घरी उघडू नका. रेग्युलेटरची (घड्याळाचा वेग कमी-जास्त करणारी) दांडीही सरकवू नका. ती दिवसाला पडणाऱ्या थोड्याफार फरकासाठी असते, तासाला मिनिटांच्या नाही.