गोमाश्या वाढण्याआधी गोठ्यातला ल्युकेमिया विषाणू आवरा

गाईंमधला ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) विषाणू, म्हणजे बीएलव्ही, पसरतो तो मुख्यतः रक्तातल्या पांढऱ्या पेशींबरोबर. थेंबाच्या अंशाएवढे रक्तही पुरते. ते रक्त गोमाश्या नेतात, तसेच आपल्या सुया आणि अवजारेही नेतात. उष्ण-दमट दिवसांत माश्या वाढतात, म्हणून कळपाची तपासणी त्याआधीच उरकून घ्या.

बाधित जनावरे बहुतेक धडधाकट दिसतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. साधारण एक तृतीयांश जनावरांत लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पेशी कायम वाढलेल्या राहतात. प्रत्यक्ष कर्करोगाच्या गाठी होतात त्या पाच टक्क्यांहून कमी जनावरांत, तेही बहुधा तीन वर्षांच्या पुढे. खांद्यापुढची गाठ सुजणे, डोळा बाहेर येणे, मागचे पाय लुळे पडणे, जनावर खंगत जाणे ही लक्षणे. तोवर फार उशीर झालेला असतो. विषाणू पेशीच्या डीएनएतच आपली प्रत बसवतो, त्यामुळे लागण जन्मभराची. ती काढून टाकणारे औषध नाही.

रक्ताची एलायझा चाचणी करून घ्या. ती विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, शोधते. सहा महिन्यांखालच्या वासरात चिकातून आलेली प्रतिपिंडे असतात, त्यामुळे त्याची एलायझा फसवी ठरते. तिथे पीसीआर, म्हणजे विषाणूचाच जनुकीय अंश शोधणारी चाचणी, करावी. व्यायच्या आगेमागे गाईची प्रतिपिंडे कासेत उतरतात, म्हणून त्या दिवसांतल्या ‘निगेटिव्ह’वर विसंबू नका. विकत आणलेले जनावर वेगळे बांधून तपासा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, कारण लागणीनंतर प्रतिपिंडे तयार व्हायला काही आठवडे लागतात.

टोचणीला दर जनावरामागे नवी सुई, गाभण तपासणीला दर गाईमागे नवा हातमोजा. हातमोजा पालटायचा सगळ्यांनाच कंटाळा, पण गुदाशयात खरचटले की त्यावर रक्त येतेच. बिल्ल्याचे पक्कड आणि खच्चीकरणाची अवजारे आधी थंड पाण्याने घासून धुवा, मग जंतुनाशकात बुडवा. गरम पाण्याने रक्त गोठून चिकटते आणि रक्त राहिले तर जंतुनाशक निकामी होते. शिंगे मोठी होऊन कापावी लागण्याआधीच शिंगकळ्या विजेच्या डागणीने जाळा. काम नेहमी निगेटिव्ह जनावरांपासून सुरू करा.

बाधित गाईचा चीक तसाच पाजू नका. ६० अंश सेल्सिअसला ६० मिनिटे तापवला तर विषाणू मरतो आणि चिकातली प्रतिपिंडे बऱ्याच अंशी टिकतात. उकळू नका, चीक फाटतो.

माणसांत ल्युकेमिया करणारा एचटीएलव्ही-१ हा याच कुळातला. १९८० मध्ये त्याचा शोध जाहीर झाला. बी आणि टी या लिम्फोसाइटच्याच दोन जाती; बीएलव्ही गाईच्या बी-पेशींत राहतो, एचटीएलव्ही-१ माणसाच्या टी-पेशींत. तो आईचे दूध, लैंगिक संबंध आणि रक्त यांतून माणसाकडून माणसाकडे जातो, गोठ्यातून नाही. बीएलव्हीचे अंश माणसाच्या स्तनाच्या ऊतींत सापडल्याचे काही संशोधक सांगतात, इतरांना ते सापडले नाहीत. बीएलव्हीने माणसाला कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही. तरी दूध पाश्चराइज करून किंवा उकळूनच प्या. इतर रोगांसाठीही ते हवेच.

सगळी बाधित जनावरे एकदम काढणे परवडत नसेल, तर ज्यांच्या लिम्फोसाइट पेशी कायम वाढलेल्या आहेत ती आधी काढा. माशीच्या तोंडातून सर्वांत जास्त विषाणू त्यांच्याकडूनच जातो. उरलेली शक्य तितक्या लांब, वेगळ्या गोठ्यात बांधा. रक्त पिताना हुसकलेली गोमाशी बहुधा जवळच्याच जनावरावर जाऊन बसते.