घरातील जुनी तेलाची टाकी बदलताना या चुका टाळा

अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत, विशेषतः मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट आणि न्यू जर्सीमध्ये, जुने घर विकत घेतले की महाराष्ट्रात जिच्याशी कधी गाठ पडलेली नसते अशी एक वस्तू पुष्कळदा घरासोबत पदरात पडते: तळघराच्या कोपऱ्यात चार पायांवर उभी असलेली, 275 गॅलनची, म्हणजे सुमारे 1,040 लिटरची, पोलादी पत्र्याची तेलाची टाकी. हिवाळ्यात घर गरम ठेवणारा बॉयलर किंवा फर्नेस तिच्यातील तेलावर चालतो, टँकर येऊन बाहेरच्या पाइपातून ती भरून जातो आणि एरवी तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बॉस्टनजवळच्या आमच्या 1962 साली बांधलेल्या घरातील अशी टाकी आम्ही चार वर्षांपूर्वी बदलली. त्या कामात काही चुका आमच्या हातून झाल्या, काही इतरांच्या. पुढे ओळखीच्या घरांतून हेच काम होताना पाहिले, तेव्हा माझी खात्री पटली की बहुतेक घोटाळ्यांचे मूळ जुन्या टाकीचे जे काही मागे राहते त्यातच असते: तिचे तेल, तिचे पाइप, तिची तांब्याची नळी आणि तिचे कागद.

वरचा रंग पाहून निश्चिंत राहणे

लोखंड बाहेरून गंजते, पापुद्रे सुटतात, मग आपण ते बदलतो, असा आपला नेहमीचा अनुभव असतो. तेलाची टाकी मात्र बहुधा आतून गंजते. अर्ध्या रिकाम्या टाकीतील हवेत दमटपणा असतो, थंड पत्र्यावर त्याचे थेंब जमतात आणि पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी जाऊन बसते. त्या पाण्यात तेलातला गाळ मिसळतो, तेल आणि पाणी जिथे एकमेकांना भिडतात तिथे जिवाणू वाढतात, आम्ल तयार होते आणि तळाच्या पत्र्याला आतल्या बाजूने बारीक खड्डे पडत जातात. बाहेरचा काळा रंग या सगळ्या काळात शाबूत राहू शकतो. म्हणून घर घेतानाच टाकीचे वय विचारावे आणि वीस-पंचवीस वर्षांच्या पुढची टाकी असेल तर पत्र्याची जाडी ध्वनिलहरींनी मोजणाऱ्या तंत्रज्ञाला बोलवावे.

घरच्या घरी करता येईल अशी एक तपासणी मी वर्षातून दोनदा करत असे. टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसायचे आणि पांढरा कागदी टॉवेल टाकीच्या तळावरून, सांध्यावरून आणि बॉयलरकडे जाणारी तांब्याची नळी जिथे बाहेर पडते तिथून हलक्या हाताने फिरवायचा. घर तापवण्याच्या तेलावर रस्त्यावरील वाहनांच्या इंधनाचा कर नसल्यामुळे ते ओळखू यावे म्हणून त्यात लाल रंग घातलेला असतो, त्यामुळे कागदावर गुलाबी छटा उमटली की पाझर सुरू झाला, हे समजण्यास दुसरा पुरावा लागत नाही. आम्हाला तो डाग तळाच्या मधोमध, रुपयाच्या नाण्याएवढा दिसला होता. तशा वेळी गंजाचा फुगवटा स्क्रूड्रायव्हरने टोकरून पाहण्याचा मोह होतो, तो कटाक्षाने टाळावा. कित्येकदा तो गंजच भोकाचे बूच झालेला असतो. लोहचुंबकाने चिकटणारे तात्पुरते ठिगळ मिळते, पण त्याचा उपयोग नवी टाकी येईपर्यंतचे चार दिवस काढण्यापुरताच आहे.

ऐन हिवाळ्याची किंवा भरलेल्या टाकीची वेळ निवडणे

पूर्ण भरलेल्या टाकीतील तेलाचे वजन जवळपास 900 किलो होते. टाकी बदलण्याचे ठरले की पहिला फोन तेल पुरवणाऱ्याला करून आपोआप होणारा पुरवठा थांबवावा, कारण काम आठवड्यावर आले असताना टँकर येऊन टाकी काठोकाठ भरून गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. दुसऱ्या टोकाला जाऊन टाकी कोरडी होऊ देणेही योग्य नाही, कारण मग तळाचा गाळ नळीत ओढला जातो. टाकीतील तेलाची पातळी दाखवणाऱ्या गेजवर अष्टमांश तेल दिसत असताना, उन्हाळ्याच्या अखेरीस, हे काम करावे. जुन्या गेजचा तरंगता गोळा अडकून बसण्याची सवय असते, म्हणून त्याचे म्हणणे शेवटच्या भरणीच्या पावतीशी ताडून पाहावे.

जुने तेल नव्या टाकीत भरणे

ही चूक आमच्या घरी झाली आणि तिची किंमत आम्ही अख्खा जानेवारी महिना मोजली. काम करणाऱ्याने जुन्या टाकीतील सुमारे चाळीस गॅलन तेल पिंपात काढले आणि नवी टाकी बसवल्यावर पंपाने पुन्हा तिच्यात सोडले. तेल महाग आहे, वाया कशाला घालवायचे, असे मलाही त्या क्षणी वाटले आणि मी मान डोलावली. तीन आठवड्यांनी पहाटे घर गार पडले. तंत्रज्ञाने फिल्टरचे भांडे उघडले तेव्हा आत कॉफीच्या चोथ्यासारखा काळा चिखल होता आणि बॉयलरमध्ये तेल जाळणाऱ्या बर्नरच्या नोझलचे, म्हणजे तेल फवारणाऱ्या तोंडाचे, सूक्ष्म छिद्र बुजलेले होते. फिल्टर आणि नोझल बदलले, बर्नर सुरू झाला, दहा दिवसांनी पुन्हा तेच. त्या महिन्यात असे तीनदा झाले.

जुन्या टाकीतील तळाचे तेल म्हणजे पाणी, गंजाचे कण, गाळ आणि जिवाणू यांचे मिश्रण असते. ते नव्या टाकीत गेले की ज्या कारणाने जुनी टाकी सडली तेच कारण नवीत पहिल्या दिवसापासून नांदू लागते. आपल्याकडे गच्चीवरची पाण्याची टाकी धुताना तळचा गढूळ घागरभर पाणसाठा कोणी जपून परत ओतत नाही. इथेही तोच न्याय लावावा. जुने तेल आणि गाळ परवानाधारक कंत्राटदाराने घेऊन जावे, असे अंदाजपत्रकात स्पष्ट लिहून घ्यावे. नवी टाकी ताज्या तेलाने भरावी आणि त्याच दिवशी फिल्टर आणि नोझल नवे बसवावे.

भिंतीबाहेरचा पाइप तसाच ठेवणे

या लेखातील सर्वांत गंभीर चूक हीच आहे. घराच्या बाहेरील भिंतीवर दोन पाइप दिसतात: एक तेल भरण्याचा फिल पाइप आणि दुसरा हवा बाहेर सोडणारा व्हेंट. कोणी तेल सोडून गॅसवर किंवा विजेवर घर तापवणाऱ्या हीट पंपावर जातो, कोणी टाकी दुसऱ्या कोपऱ्यात हलवतो. आतली टाकी निघते आणि बाहेरचे तोंड भिंतीत तसेच राहते. पुढे कधीतरी पुरवठा बंद केल्याची नोंद हुकते किंवा चालक पत्ता चुकतो, टँकरची नळी जोडली जाते आणि काही मिनिटांत शेकडो गॅलन तेल थेट तळघराच्या फरशीवर पडते. अशा घटना प्रत्यक्षात घडल्या आहेत, आणि त्यानंतर घराखालची माती खणून काढण्यापर्यंत वेळ आलेली आहे. त्या पाइपावर झाकण घट्ट बसवणे किंवा आत चिंधी कोंबणे हा उपाय नव्हे. टाकी ज्या दिवशी निघेल त्याच दिवशी दोन्ही पाइप भिंतीतून काढून ती भोके सिमेंटने बुजवावीत आणि बुजवलेल्या जागेचे छायाचित्र काढून ठेवावे.

टाकी त्याच जागी बदलत असाल तरी हे पाइप तपासावेच लागतात. व्हेंटच्या वाटेवर एक छोटी शिट्टी असते. तेल आत जाऊ लागले की बाहेर ढकलली जाणारी हवा तिच्यातून जाते आणि ती वाजत राहते. तेलाची पातळी तिच्या टोकापर्यंत आली की ती थांबते आणि चालक भरणे बंद करतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी वाजली की काम झाले असे समजतात, इथे शिट्टी थांबली की टाकी भरली असे समजायचे. नव्या टाकीवर जुनीच गंजकी शिट्टी बसवली, किंवा व्हेंटच्या तोंडात गांधीलमाशांनी घर केले, तर हा इशारा मिळत नाही आणि टाकीवर नको तितका दाब येतो. शिट्टी ऐकू आली नाही तर जाणता चालक तेल भरतच नाही, आणि त्याने नकार दिला तर त्याच्यावर रागावू नये. बाहेरचे व्हेंट बर्फाच्या ढिगाऱ्यात बुजणार नाही इतक्या उंचीवर घ्यावे.

नवी टाकी, पण नळी जुनी

पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या घरांत टाकीपासून बर्नरपर्यंतची तांब्याची नळी पुष्कळदा थेट काँक्रीटच्या फरशीत पुरलेली असते. काँक्रीटच्या स्पर्शाने तांबे झिजते, आणि फरशीखाली होणारी गळती कोणाला दिसत नाही, वासही बऱ्याच उशिरा येतो. मॅसॅच्युसेट्सने 2008 साली केलेल्या कायद्यानुसार 30 सप्टेंबर 2011 पासून अशा नळीवर गळती झाल्यास तेल थांबवणारा ऑइल सेफ्टी व्हॉल्व्ह असणे किंवा नळीभोवती अखंड आवरण असणे बंधनकारक आहे. बर्नर टाकीच्या वर असून नळीही टाकीच्या माथ्यावरून निघत असेल अशा घरांना त्यातून सूट आहे. नळीचे जोड फ्लेअर पद्धतीचे, म्हणजे नळीचे तोंड पसरवून बसवलेले, असावेत, कारण दाबून बसवलेली कॉम्प्रेशन फिटिंग तेलाच्या नळीसाठी निषिद्ध आहेत. त्याशिवाय आग लागल्यास सुमारे 74 अंश सेल्सिअसला वितळून तेल बंद करणारा व्हॉल्व्ह टाकीपाशी आणि बर्नरपाशी आहे ना, हे स्वतः पाहावे.

जागेबद्दल थोडक्यात: टाकी ज्वालेपासून किमान 5 फूट दूर असावी, तिचे पाय पक्क्या काँक्रीटवर असावेत, विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर नसावेत. बाहेर ठेवायची असेल तर पाया गोठण-वितळणीने खचणार नाही असा घालावा, आणि उणे 9 अंशांच्या आसपास साध्या तेलातील मेण गोठू लागते हे लक्षात घेऊन त्यात केरोसीनचे मिश्रण घ्यावे. 275 गॅलनची उभी टाकी साधारण 60 इंच लांब आणि 44 इंच उंच असते, तेव्हा तळघराचा दरवाजा आधी मोजावा.

बर्नर सुरू होत नाही म्हणून लाल बटण पुन्हा पुन्हा दाबणे

टाकी बदलल्यावर नळीत हवा राहते, त्यामुळे बर्नर काही सेकंद घरघरतो आणि बंद पडतो. अशा वेळी बर्नरवरचे रिसेटचे लाल बटण एकदा दाबावे, त्यापेक्षा अधिक वेळा दाबू नये. प्रत्येक दाबण्यासरशी न जळलेले तेल ज्वलनकक्षात साचत जाते, आणि अखेरीस ठिणगी पडली की ते एकदम पेटून धुराडे हादरते, घरभर काजळी पसरते. पंपावरच्या छोट्या व्हॉल्व्हमधून हवा काढून टाकणे हे तंत्रज्ञाचे पाच मिनिटांचे काम आहे. हवा काढूनही बर्नर दर एक-दोन दिवसांनी बंद पडत असेल तर एखादा जोड हवा ओढतो आहे असे समजावे, आणि ज्योत लागते पण काही वेळाने मंदावत जाते असे असेल तर प्रथम फिल्टरकडे पाहावे.

कागद न जपणे

मॅसॅच्युसेट्समध्ये टाकी काढण्यासाठी आणि बसवण्यासाठी गावाच्या अग्निशमन दलाचा परवाना लागतो. जुनी टाकी कापून, स्वच्छ करून, मान्यताप्राप्त जागी भंगारात दिल्याची पावतीही कंत्राटदाराकडून मागून घ्यावी. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचे घर विकण्याचे काम याच एका पावतीसाठी पाच आठवडे अडून राहिले. न्यू जर्सीत तर अंगणाखाली पुरलेल्या जुन्या टाक्यांचा प्रश्न इतका सर्रास आहे की घर घेण्यापूर्वी जमिनीखाली टाकी आहे का हे यंत्राने तपासून घेणे शहाणपणाचे ठरते. गळतीचा खर्च घराच्या विम्यात आपोआप येईल असे गृहीत धरू नये. मॅसॅच्युसेट्समधील 2008 च्या त्याच कायद्याने विमा कंपन्यांना हे संरक्षण देऊ करणे बंधनकारक केले आहे, पण ते घ्यायचे की नाही हे मालकाने ठरवायचे असते आणि त्याचा हप्ता वेगळा असतो.

काम चालू असताना तेल सांडलेच तर सर्वप्रथम तळघरात साचणारे पाणी उपसणाऱ्या संप पंपाची विजेची पिन काढावी, नाहीतर तो पाण्याऐवजी तेल उपसून अंगणात आणि तिथून ओढ्यात नेऊन सोडतो. फरशी पाण्याने धुऊ नये; मांजराच्या ट्रेमध्ये घालतात ती माती पसरून तेल शोषून घ्यावे. 10 गॅलन किंवा अधिक तेल सांडले असेल तर मॅसॅच्युसेट्सच्या पर्यावरण खात्याला दोन तासांच्या आत कळवावे लागते.

नव्या टाकीची पहिली भरणी होईल त्या दिवशी मात्र घरात कोणीतरी मोठे माणूस असावे. एकाने बाहेर उभे राहून शिट्टी ऐकावी, दुसऱ्याने तळघरात पांढरा कागदी टॉवेल घेऊन प्रत्येक जोडावरून तो फिरवावा, आणि टँकर निघून गेल्यावर तासाभराने तीच फेरी पुन्हा एकदा करावी.