फ्लास्क घेताना पोट नका बघू, गळा बघा

फ्लास्क म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर थर्मास येतो, केमिस्ट्री केलेल्यांना ते शंकूपात्र आठवतं आणि काही मंडळींना खिशात मावणारा चपटा स्टीलचा. तिघंही बरोबर आहेत. मी आजवर फ्लास्क फोडलेत, गंजवलेत, एकाला तर असा वास आणलाय की तो शेवटी टाकूनच द्यावा लागला, आणि एवढं सगळं करून माझं मत एकच झालंय की पोट सगळ्यांचं सारखंच असतं, खरी करामत गळ्यात असते. गळा म्हणजे तोंड, बूच, वायसर, तो अरुंद भाग, सगळं धरून. हजारो वर्षं माणूस फ्लास्कचा गळाच सुधारत आलाय, त्यामुळे कुठलाही फ्लास्क वापरायचा कसा हे कळायला त्याचा गळा कशासाठी तसा केलाय एवढं बघितलं तरी पुरतं.

सुरुवात भोपळ्यापासून. दुध्याच्या जातीचा भोपळा वेलावरच पूर्ण पिकू द्यायचा, मग महिनोन्महिने वाळवायचा, हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की समजायचं तयार झाला. गळ्याकडून थोडासा कापा, आतला भुसा खरवडून काढा, मग पाणी भरून ठेवायचं आणि ओतून टाकायचं, असं बऱ्याच वेळा, कारण पहिलं पाणी कडूजहर असतं, आणि शेवटी आतून वितळवलेलं मेण फिरवायचं. झाला फ्लास्क. याला गळा निसर्गानेच दिलाय म्हणून तर माणसाने तो उचलला. नंतर कातड्याच्या पखाली आल्या, मातीचे आले, आणि इसवी सन पूर्व पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर कुणीतरी नळीने फुंकून काच फुगवायला लागलं आणि मग काचेचं भांडं ही काही फक्त श्रीमंतांची चैन राहिली नाही.

मातीच्या फ्लास्कचं एक उदाहरण मला फार आवडतं. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबू मिना म्हणून जागा आहे, तिथे संत मेनास यांच्या दर्शनाला पाचव्या ते सातव्या शतकात दुरून दुरून लोक यायचे आणि जाताना तळहाताएवढी मातीची चपटी कुपी घेऊन जायचे, तीर्थाचं पाणी नाहीतर तेल भरून. कुपीवर मध्ये संत आणि दोन बाजूंना दोन उंट. गळ्याच्या दोन्ही बाजूंना कान, त्यात दोरी ओवायची की झाली गळ्यात अडकवायची सोय. चपटी का, तर अंगाला घासत नाही आणि चालताना डुचमळत नाही. आजसुद्धा चालताना अंगावर लावायची बाटली घ्यायची असेल तर हेच बघा, पट्टा गळ्याजवळ दोन बाजूंनी अडकतोय की एकाच कडीला लोंबकळतोय, कारण एका कडीची बाटली दर पावलाला मांडीवर आपटते आणि दोन तासांनी तुम्ही ती हातात घेऊन चालायला लागता.

पखाल आणि बिनचकाकीची मातीची भांडी थोडी पाझरतात, ते पाणी वाऱ्याने उडतं आणि आतलं गार होतं. सैनिकांच्या धातूच्या बाटलीला कापडाचं कव्हर असतं तेही त्यासाठीच, भिजवून ठेवायचं. साध्या एकपदरी स्टीलच्या बाटलीवर ओला सुती मोजा चढवून सावलीत वाऱ्याला ठेवून बघा, फरक कळतो (हवा दमट असेल तर मात्र काही होत नाही, उगाच मोजा ओला). थर्मासवर ही युक्ती अजिबात चालत नाही कारण त्याच्या बाहेरच्या भिंतीचा आतल्या पाण्याशी जवळजवळ संबंधच तोडलेला असतो. एका मित्राने हे अर्धा दिवस करून बघितलं होतं, बिचारा.

आता दारू. मराठीत एकच शब्द आहे आणि फ्लास्कनेही दोन्ही दारवा सांभाळल्यात. बंदुकीची दारू ठेवायला आधी गुरांची शिंगं होती, आतून पोकळ, हलकी, ओल लागू न देणारी आणि ठिणगी न पाडणारी. पुढे तांब्या-पितळेचे फ्लास्क झाले आणि त्यांचा गळा बघण्यासारखा आहे. टोकाला मोजाची नळी असायची, तिच्यावर बोट दाबून फ्लास्क उलटा करायचा, बाजूची कळ दाबायची, नळी भरली की कळ सोडायची, म्हणजे एका बारासाठी बरोबर तेवढीच दारू हाताशी. गळ्यालाच मोजमाप करून टाकलं! आणि तरी नियम असा की ती आधी वेगळ्या मापात घ्यायची आणि मग बंदुकीच्या नळीत, फ्लास्कमधून थेट नाही, कारण बंदुकीच्या नळीत मागच्या बाराची ठिणगी शिल्लक असली तर एका बाराची दारू नाही, अख्खा फ्लास्क हातात फुटेल.

दुसऱ्या दारूचा, म्हणजे खिशातला चपटा फ्लास्क, अठराव्या शतकापासून रुळला, वाकडा असतो तो अंगाच्या गोलाईवर बसावा म्हणून. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा याचे दिवस फार चांगले होते. वापरायचं तंत्र सोपं आहे. छोटं नरसाळं घ्या, नुसतं ओतायला गेलात तर अर्धी टेबलावर, कारण एवढ्याशा गळ्यातून दारू आत जायची आणि हवा बाहेर यायची दोन्ही एकदम होत नाही. लिंबाचं किंवा फळाच्या रसाचं काही भरू नका, आंबट धातूला खातं. दोनतीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, फ्लास्क ही साठवायची जागा नाही, न्यायची आहे. आणि जुन्या बाजारात प्यूटरचा (कथलाचा मिश्रधातू) सुंदर नक्षीचा मिळाला तर शोकेसमध्ये ठेवा, त्यातून पिऊ नका, जुन्या प्यूटरमध्ये शिसं असू शकतं.

एक वेगळाच फ्लास्क, त्याला पिण्याशी काही देणंघेणं नाही. पारा लोखंडी फ्लास्कमध्ये विकला जायचा आणि व्यवहारात ‘एक फ्लास्क’ हेच माप झालं, ७६ पौंड म्हणजे साधारण साडेचौतीस किलो. पारा पाण्याच्या साडेतेरापटीहून जड, त्यामुळे एवढं वजन जेमतेम अडीच लिटरच्या भांड्यात बसतं. लोखंडच का तर सोनं, चांदी, तांबं हे सगळं पाऱ्यात विरघळून जातं, लोखंड नाही.

प्रयोगशाळेकडे येऊ, इथे तर गळ्याचं राज्य आहे. लुई पाश्चरने १८६० च्या आसपास साध्या पोषक काढ्याचे फ्लास्क घेतले आणि त्यांचा गळा तापवून हंसाच्या मानेसारखा वाकडा ओढला. काढा उकळला. तोंड उघडंच, हवा आत जातेय, पण हवेतली धूळ आणि तिच्यावरचे जंतू वाकणातच अडकतायत, काढा महिनोन्महिने नितळ. गळा तोडला किंवा फ्लास्क तिरका करून काढा त्या वाकणापर्यंत नेऊन परत आणला की थोड्या दिवसांत गढूळ! जीव आपोआप निर्माण होतात या म्हणण्याला एका वाकड्या गळ्याने अशी चपराक दिली.

त्याच सुमारास, १८६० मध्ये, एमिल एर्लेनमायरने शंकूपात्र आणलं. तळ रुंद, गळा अरुंद, म्हणून मनगटाने गोल फिरवलं तरी बाहेर उडत नाही. टायट्रेशन (एका द्रावणात दुसरं थेंब थेंब सोडून रंग कधी बदलतो ते मोजणं) करताना एका हाताने ब्युरेटची, म्हणजे थेंब सोडणाऱ्या मोजनळीची, तोटी आणि दुसऱ्या हाताने शंकूपात्राचा गळा धरून फिरवत राहायचं, खाली पांढरा कागद ठेवायचा म्हणजे रंग बदललेला लगेच दिसतो. यात दोन चुका सगळे करतात. एक, बूच लावून तापवणं, करू नका, वाफेला वाट पाहिजे. दोन, व्हॅक्यूम पंपाला जोडणं, सपाट बुडाची पातळ काच आत कोसळते, त्यासाठी जाड काचेचा बुखनर फ्लास्क वेगळा असतो, त्याच्या गळ्याला बाजूने नळी असते.

आणि तो लांब गळ्याचा, एकच रेघ असलेला व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्क. गळा एवढा बारीक का? कारण रुंद भांड्यात चार थेंब जास्त पडले तर पातळी हलल्यासारखी वाटतसुद्धा नाही, बारीक गळ्यात तेच चार थेंब लगेच वर चढलेले दिसतात. पदार्थ आधी थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवा, मग रेघेच्या जरा खालपर्यंत भरा, मग ड्रॉपरने थेंब थेंब, डोळा रेघेच्या बरोबर समोर, पाण्याच्या वाटीसारख्या पृष्ठभागाचा तळ रेघेला टेकला की थांबा. मग बूच धरून उलटासुलटा करा, भरपूर वेळा, नाहीतर घट्ट द्रावण बुडाशी बसून राहतं. हा फ्लास्क बहुतेक २० अंशाला प्रमाणित केलेला असतो, म्हणून कोमट द्रावण रेघेपर्यंत भरलं तर थंड झाल्यावर खाली जातं आणि तुमचं गणित चुकतं.

आता ज्याच्यासाठी बहुतेकांनी वाचायला घेतलं असेल तो थर्मास. जेम्स ड्यूअर लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये द्रवरूप वायूंवर काम करत होते आणि ते उकळून उडून जाऊ नयेत म्हणून १८९२ मध्ये त्यांनी काचेच्या आत काच घालून मधली हवा काढून टाकली. पेटंट मात्र घेतलं नाही. जर्मनीत राइनहोल्ड बुर्गर नावाच्या काच कारागिराच्या लक्षात आलं की जे गार ठेवतं ते गरमही ठेवेल, धातूचं कव्हर घालून १९०३ मध्ये पेटंट घेतलं, १९०४ पासून थर्मॉस नावाने धंदा सुरू. ड्यूअर यांना कोर्टात जाऊनही काही मिळालं नाही. पुढे ते नाव एवढं तोंडात बसलं की १९६३ मध्ये अमेरिकन कोर्टानेच सांगितलं हा आता सामान्य शब्द आहे, आणि आपण तर त्याचा ‘थर्मास’ करून केव्हाच घरचा करून टाकलाय.

आतल्या पोकळीतून उष्णता वाहून जात नाही, आणि चकचकीत मुलामा किरणांनी जाणारी परत पाठवतो. राहिलं काय? गळा. दोन्ही भिंती तिथेच जोडलेल्या असतात, बूचही तिथेच, गळती तिथूनच. म्हणून त्याच मापाचा रुंद तोंडाचा थर्मास अरुंद तोंडाच्या थर्मासपेक्षा लवकर गार होतो, सूप-भातासाठी रुंद घ्या, चहा-पाण्यासाठी अरुंद, एकाच्यात दोन्ही करायला जाऊ नका.

भरताना आधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं ठेवा आणि ओतून द्या, नाहीतर आतली थंड भिंतच तुमच्या चहाची पहिली गरमी खाते. मग भरपूर भरा, अर्धा थर्मास लवकर गार होतो, पण बुचाला टेकेल इतका नको, बोटभर जागा सोडा. सारखं उघडून ‘गरम आहे ना’ बघायची सवय सोडा. थर्मास चांगला आहे का बघायचं तर उकळतं पाणी भरून झाकण लावा आणि दहा मिनिटांनी तळहात फिरवा. अंग गार, गळ्याजवळ जरा कोमट, म्हणजे ठीक. अंगच गरम लागलं किंवा बर्फाचं पाणी भरल्यावर बाहेरून घाम सुटला तर पोकळीत हवा शिरलीय आणि स्टीलच्या थर्मासला यावर घरी काही इलाज नाही, पाण्याची बाटली म्हणून वापरा. काचेच्यात आतली रिफिल बदलता येते. माझी रिफिल मी स्वतः मारली, बर्फाचे मोठे खडे वरून टाकले, एक बारीक ‘टक’ आवाज आला, आणि मग हलवलं की आत चुरा खुळखुळायला लागला. तसला आवाज आला की आतलं पिऊ नका, गाळूनसुद्धा नाही. बर्फ घालायचाच तर आधी थोडं पाणी घाला, थर्मास तिरका करा आणि खडे भिंतीवरून सरकवा.

दूध किंवा दुधाचा चहा तासन्तास ठेवू नका. ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू मजेत वाढतात आणि थर्मास नेमका कोमट दूध कोमट ठेवण्यात हुशार. बाळाच्या दुधासाठी ७० अंशांच्या वरचं पाणी थर्मासात न्या, पावडर वेगळी, आणि ऐनवेळी कालवा, पण पाजायच्या आधी नीट कोमट होऊ द्या. सोड्याची पेयं थर्मासात भरून झाकण लावू नकाच. कोरडा बर्फ तर कधीच नाही, तो वायू होत राहतो आणि घट्ट झाकणाचा थर्मास म्हणजे बॉम्ब. द्रवरूप नायट्रोजन ठेवायचे मोठे थर्मास, त्यांना ड्यूअरच म्हणतात, पण सैल बुचाचेच असतात, एक लिटरचा जवळपास ७०० लिटर वायू होतो, त्याला गळ्यातून जायला वाट ठेवावीच लागते.

चहाचे तपकिरी डाग गेले पाहिजेत तर दोन चमचे खायचा सोडा आणि गरम पाणी, झाकण न लावता रात्रभर. पाण्याचा पांढरा थर असेल तर व्हिनेगर. दोन्ही एकत्र घालून झाकण लावायची हौस कुणाला आली तर छताकडे उडालेलं झाकण शोधावं लागेल. स्टीलला ब्लीच नको, खड्डे पडतात, तारेची घासणी नको. बुडापर्यंत हात जात नसेल तर मूठभर कोरडे तांदूळ आणि साबणाचं पाणी घालून हलवा. अख्खा थर्मास पाण्यात बुडवून ठेवू नका, काचेच्या थर्मासमध्ये तर बाहेरच्या कव्हरात पाणी शिरतं आणि तिथून वास येत राहतो, कितीही आत धुवा.

वास शंभरातल्या नव्वद वेळा पोटात नसतोच. बुचाची रबरी वायसर नखाने किंवा टूथपिकने उचकटा, तिच्या खाचेत काळपट चिकट रेघ दिसेल, तोच तुमचा वास. वेगळी धुवा, पूर्ण वाळवा, मग बसवा, ताणलेली किंवा चिरलेली असेल तर दुसरी टाका. आणि ठेवून देताना थर्मास उघडा आणि बूच शेजारी.