पालकाच्या टिकल्यांनी प्रकाशसंश्लेषण कसं मोजायचं

पान उजेडात अन्न तयार करतं हे सगळ्यांना पाठ असतं. ते काम किती वेगाने चालतं, हे घरच्या घरी तासाभरात मोजता येतं: पानाचे पंचने पाडलेले गोल तुकडे, म्हणजे टिकल्या, पाण्यात बुडवायच्या आणि उजेडात त्या किती वेळात तरंगतात ते पाहायचं. त्यासाठी ताजा पालक, खायचा सोडा, भांडी घासायचा लिक्विड साबण, कागदाला भोकं पाडायचं पंच, सुई काढलेली १० मिलीची सिरिंज, दोन सारखे काचेचे ग्लास आणि एक प्रखर एलईडी दिवा एवढंच लागतं.

३०० मिली पाण्यात ०.६ ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याचा साधारण आठवा भाग, सोडा विरघळवा. बेकिंग पावडर वापरू नका. तिच्यात आम्ल मिसळलेलं असतं, त्यामुळे पाण्यात बुडबुडे सुटतात आणि टिकल्या त्या बुडबुड्यांमुळेच वर येतात. मग साबणाचा एकच थेंब घालून फेस न होऊ देता ढवळा. पानावरचा मेणचट थर पाणी झटकतो, साबण असला की ते पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांतून, आत शिरतं. दुसऱ्या ग्लाससाठी फक्त साबणाचं पाणी करा, सोडा नको. बोअरच्या जड पाण्यात सोड्यातलं बायकार्बोनेट आधीच असतं, म्हणून दोन्हीकडे डिस्टिल्ड पाणी घ्या.

जाड शिरा टाळून पानाच्या वीस टिकल्या पाडा. फ्रिजमधला किंवा मलूल पालक अर्धा तास पाण्यात देठ बुडवून उजेडात ठेवला तर बरं, कारण रंध्रं मिटलेली असली की पुढची पायरीच अडते.

दहा टिकल्या सिरिंजमध्ये टाका, दट्ट्या हलकेच बसवा, ५ मिली द्रावण ओढून वरची हवा काढून टाका. टोकावर बोट घट्ट दाबून दट्ट्या मागे खेचा, १० सेकंद धरा आणि सोडा. पानातल्या पोकळ्यांतली हवा बाहेर पडते आणि तिच्या जागी द्रावण शिरतं. दोन-तीन खेपांत टिकल्या बुडायला हव्यात. त्याहून जास्त वेळा जोर लावला तर पेशी फुटतात, आणि अशी टिकली पुढे कितीही उजेड दिला तरी तळाशीच राहते. उरलेल्या दहा टिकल्या याच पद्धतीने सोडा नसलेल्या पाण्यात बुडवा.

आता टिकल्या आपापल्या द्रावणाच्या ग्लासात ओता, दोन्ही ग्लास दिव्यापासून २० सेंटिमीटरवर ठेवा आणि दर मिनिटाला तरंगणाऱ्या टिकल्या मोजा. काचेला किंवा एकमेकींना चिकटलेल्या टिकल्या ग्लासला टिचकी मारून सोडवा. दहापैकी पाच वर यायला लागलेला वेळ नोंदवा. शेवटची टिकली कधी आली याला महत्त्व देऊ नका, एखादी टिकली नेहमीच हट्टी निघते. जुना पिवळा बल्ब पाणी तापवतो आणि मग आकडा उजेडाचा की उष्णतेचा हे कळत नाही.

टिकली वर येते ती पोकळ्यांत साठणाऱ्या ऑक्सिजनमुळे. हा वायू सोड्यातून आलेला नसतो. तो पाण्याच्या रेणूतून सुटतो; रुबेन आणि कामेन या शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये जड ऑक्सिजन (ऑक्सिजनचा जास्त वजनाचा प्रकार) वापरून ते दाखवलं. सोड्याचं काम कार्बन पुरवणं. पोकळ्या पाण्याने भरल्यावर कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट मंद पसरतो, म्हणून सोड्याविना टिकल्या बहुधा तळाशीच राहतात.

इथे थांबू नका, खरा पुरावा पुढच्या टप्प्यात आहे. सोड्याच्या ग्लासातल्या सगळ्या टिकल्या तरंगल्या की त्यावर काळं कापड टाका, दर दोन मिनिटांनी क्षणभर कापड उचलून अलगद ढवळा आणि मोजा. अंधारात प्रकाशसंश्लेषण बंद, श्वसन मात्र चालूच. साठलेला ऑक्सिजन खर्च होतो, सुटणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात सहज विरतो आणि टिकल्या एकेक करून पुन्हा खाली जातात. काचेला चिकटलेल्या बुडबुड्यांनी तरंगणाऱ्या टिकल्या अशा बुडल्या नसत्या.

पुढच्या वेळी दिवा ४० सेंटिमीटरवर न्या. लहान दिवा असेल तर उजेड जवळपास चौथाई होतो. वेळ किती वाढतो ते ताज्या टिकल्या घेऊनच पाहा, आधीच्या वापरू नका.