सिगारेट सोडायची आहे, मग व्हेप घ्यावा का?

सिगारेटमध्ये सर्वांत घातक असतो तो तंबाखू जळून होणारा धूर. झुरका घेताना टोकाचं तापमान 900 अंश सेल्सिअसच्या आसपास जातं आणि त्यातून टार, कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोगकारक रसायनं फुफ्फुसात जातात. निकोटीन व्यसन लावतं, नाडी आणि रक्तदाब वाढवतं. कर्करोग मात्र मुख्यतः धुरामुळे होतो.

व्हेप म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट. तिच्यात काही जळत नाही. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि बहुतेकदा निकोटीन यांचं द्रावण कॉइलवर, म्हणजे तापणाऱ्या तारेवर, तापून त्याची वाफ होते. म्हणून सिगारेट पूर्ण सोडून व्हेपवर आलेल्या माणसाच्या शरीरात ही विषं बरीच कमी जातात. तरी व्हेप निर्धोक नाही. टाकीतलं द्रावण संपत आलं किंवा पॉवर जास्त ठेवली की कॉइलवरचा कापूस करपतो आणि फॉर्मल्डिहाइड तयार होतं. घशाला जळकट चव लागली की तिथेच थांबा. शिवाय ही उपकरणं बाजारात येऊन जेमतेम वीस वर्षं झाली. चाळीस वर्षं ओढल्यावर काय होतं, याचा पुरावा अजून तयारच झालेला नाही. त्यामुळे कधीच सिगारेट न ओढलेल्याने, विशेषतः कॉलेजातल्या मुलामुलींनी, व्हेपला हात लावण्याचं एकही कारण नाही.

लोक फसतात ते दोन्ही चालू ठेवून. दिवसभर व्हेप आणि जेवणानंतर एकच सिगारेट, हा हिशेब हृदयाला चालत नाही. रोज 20 सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जेवढा जादा धोका वाढतो, त्याच्या निम्म्याच्या जवळपास धोका रोजच्या एका सिगारेटीनेही राहतो. तेव्हा ती शेवटची सिगारेटही सुटली पाहिजे.

भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री, आयात, साठा आणि जाहिरात बंद आहे. जे चोरून मिळतं त्यात काय भरलंय याची खात्री कोणीच देत नाही. अमेरिकेत 2019 मध्ये फुफ्फुसांच्या दुखापतीची जी साथ आली, तिचा संबंध मुख्यतः काळ्या बाजारातल्या गांजाच्या द्रावणात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी निघाला. म्हणून महाराष्ट्रात राहणाऱ्याने सरळ निकोटीन गम, म्हणजे तलफ भागवायला निकोटीन देणारा चघळायचा गम, घ्यावा.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर 4 मिलिग्रॅमचा गम, नाहीतर 2 चा. गरोदर असाल किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, 4 मिलिग्रॅमसाठीही विचारा. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार-आठ तासांनी. दिवसात 24 च्या वर नको.

गम चघळण्यातच बहुतेकांची चूक होते. साध्या चुइंगमसारखा चघळला तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं. मग उचकी लागते, छातीत जळजळतं, तलफ तशीच राहते आणि माणूस म्हणतो, गमचा उपयोग नाही. निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जायला हवं. सावकाश चावा, तिखट चव किंवा झिणझिण्या जाणवल्या की गम गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. चव गेली की पुन्हा थोडा चावा, जागा बदला. एक गम अर्धा तास पुरतो. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबू सरबत नको. आम्लामुळे शोषण कमी होतं.

व्हेप कायदेशीर असलेल्या ब्रिटनमध्ये राहत असाल, तर सिगारेट पूर्ण सुटल्यावरच द्रावणाची ताकद उतरवा: 20 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर ही तिथली कमाल मर्यादा, तिथून 10, मग 6, मग 3. ताकद घटवल्यावर तुम्ही जास्त लांब आणि वारंवार झुरके घेऊ लागलात, तर घाई झाली असं समजा आणि दोन आठवडे आधीच्या पायरीवर थांबा. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी कुलपात ठेवा; 20 मिलिग्रॅम ताकदीच्या 10 मिलिलिटर बाटलीत 200 मिलिग्रॅम निकोटीन असतं आणि लहान मुलाने ते प्यायलं तर जिवावर बेतू शकतं.

पहिले तीन दिवस सर्वांत जड जातात. चिडचिड, झोपमोड, भूक दोन ते चार आठवड्यांत ओसरते. भारतात मदतीसाठी तंबाखूमुक्तीची सरकारी क्विटलाइन 1800-11-2356 मोफत आहे.