थकलेली कर्जं मार्गी लावताना: सगळ्या हप्त्यांची एकच घडी कशी बसवायची

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला जाणाऱ्या माणसाच्या घरावर एकच कर्ज असतं असं क्वचितच घडतं. पगारावर काढलेलं बँकेचं कर्ज, गल्लीतली पतसंस्था, क्रेडिट कार्ड, घरातल्या बाईच्या बचत गटाचा हप्ता आणि गुजरीतल्या सराफाकडे गहाण पडलेल्या पाटल्या. एकाचा हप्ता भागवायला दुसऱ्याकडून उचललं की गाठ आणखी घट्ट बसते. कर्जफेडीची योजना म्हणजे सगळी देणी एका कागदावर घेणं, व्याज आणि मुदतीबद्दल प्रत्येक संस्थेशी बोलणं आणि घराला झेपेल असा एक आकडा ठरवून साधारण ३ ते ५ वर्षांत मुद्दल पूर्ण फेडणं. यात कर्जमाफी नाही, हे घरात पहिल्याच दिवशी सांगून टाका.

आधी कागद जमवा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा तुमच्या कर्जांचा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. पतसंस्थेचं कर्ज, हातउसने, भिशीची उचल त्यात दिसेलच असं नाही, म्हणून ती हातानं लिहा. दुसऱ्यासाठी जामीन राहिला असाल तर तेही लिहा. प्रत्येकापुढे शिल्लक मुद्दल, व्याजदर, थकीत हप्ते आणि तारण अशी चार घरं पाडा.

मग उत्पन्न. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं, कारण चांगल्या महिन्याचा आकडा धरला जातो. ओव्हरटाइम धरू नका. दूधबिल धरायचं तर पशुखाद्य आणि ॲडव्हान्स कापून हातात पडणारी रक्कम धरा. ऊस घातल्यावर १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, मिळावी असा नियम आहे, पण बिल लांबलं की हप्ता चुकतो. म्हणून ऊसबिल मासिक हप्त्यात मोजू नका. ते आलं की थेट सर्वांत महागड्या कर्जाच्या मुद्दलात भरायचं. किराणा, लाइटबिल, औषधं, शाळेची फी वजा करून वर्षातल्या सर्वांत ओढाताणीच्या महिन्यात जे उरतं, तोच तुमचा खरा हप्ता.

महागडं कर्ज कोणतं, हे कार्डाच्या उदाहरणावरून बघा. ८०,००० रुपये थकलेत, महिना व्याज ३.५ टक्के. व्याज झालं २,८००, त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४, एकूण ३,३०४. किमान रक्कम ५ टक्के धरली तर तुम्ही ४,००० भरता आणि मुद्दल कमी होतं फक्त ६९६ रुपयांनी. हीच थकबाकी वर्षाला १६ टक्क्यांनी ३६ हप्त्यांत बांधून मिळाली, तर हप्ता येतो सुमारे २,८१३ आणि पहिल्या महिन्यात जीएसटीचे १९२. कमी पैसे भरून ३ वर्षांत कर्ज संपतं. बोलणी करायची ती एवढ्यासाठीच. मात्र ते कार्ड पुन्हा वापरलं तर सगळं मुसळ केरात.

सल्ल्यासाठी पैसे मोजायची गरज नाही. बँकांची आर्थिक साक्षरता केंद्रं मोफत मार्गदर्शन करतात. कोल्हापूर जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया आहे, तिथे चौकशी करा. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, होतं आणि बँकेचा हात आखडतो, म्हणून त्याआधी जा. अर्जात उत्पन्न घटल्याचं कारण, पुरावा आणि झेपणारा हप्ता आकड्यात लिहा. पोहोच घ्या. बँक किंवा फायनान्स कंपनीनं दंडाच्या रकमेवर व्याज चढवलं असेल तर ते काढायला सांगा. १ एप्रिल २०२४ पासून तसं करता येत नाही.

‘हप्ते थांबवा, आम्ही निम्म्यात मिटवतो’ म्हणून आगाऊ फी मागणाऱ्यांपासून लांब राहा. हप्ते थांबले की दंड वाढतो, नोटिसा सुरू होतात आणि तडजोड झालीच तर अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. पुढे घरकर्ज मागताना तो आडवा येतो.

पतसंस्थेचं प्रकरण वेगळं. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला की तुमच्याइतकाच जामीनदारही अडकतो. त्यामुळे जामीनदाराला बोलणीच्या वेळी सोबत न्या. त्याला नोटीस मिळाल्यावर कळलं तर नातंही तुटतं. परवाना नसलेल्या सावकाराची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. परवानाधारकालाही बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. सावकाराचे महिना ५ टक्के म्हणजे वर्षाला ६०.

नवा हप्ता ठरल्यावर जुना ऑटो-डेबिट रद्द झाला का, हे बँकेत जाऊन तपासा. तो तसाच राहिला तर दोन्ही हप्ते एकाच खात्यावर येतात, एक परत जातो आणि बाउन्सचा दंड बसतो. पगाराच्या दुसऱ्या दिवसाची तारीख मागून घ्या. निदान एका हप्त्याएवढी रक्कम बाजूला ठेवा. नाहीतर दवाखान्याचं पहिलंच बिल आलं की योजना मोडते.

वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. बँकेकडे किंवा फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी १४४४८. पतसंस्था मात्र त्यांच्या कक्षेत येत नाहीत, तिथे उपनिबंधकच.

शेवटचा हप्ता भरला की ‘देणं नाही’ असा दाखला घ्या. घराची मूळ कागदपत्रं बँकेनं ३० दिवसांत परत द्यायची असतात. तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. शेत तारण असेल तर संस्थेचं पत्र तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्यावरचा बोजा उतरवून घ्या आणि नवा उतारा काढून इतर हक्काचा रकाना स्वतः वाचा.