निळा रंग छापल्यावर जांभळा येतोय? मला हे लागू पडलं

तारकर्लीला मामाचं होमस्टे आहे, त्याच्या पॅम्प्लेटसाठी मी इलस्ट्रेटरमधे (अडोबीचं डिझाइनचं सॉफ्टवेअर) समुद्राचा गडद निळा पट्टा टाकलेला, स्क्रीनवर एकदम मस्त, आणि छापून आला तर चक्क जांभळा. मामा म्हणाला, "अरे, दर्या जांभळो कसो झालो?" त्या रात्री खरंच रडू आलं.

आधी लॅपटॉपचा ब्राइटनेस कमी केला, मग निळा अजून भडक केला, कागद पण बदलून बघितला, उपयोग शून्य. खरं कारण वेगळंच होतं: फाईल आरजीबीत (स्क्रीनचे लाल-हिरवा-निळा रंग) होती, आणि चार शायांच्या छपाईत निळी शाई वेगळी नसते, सायन (आकाशी) आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) मिळून निळा बनतो, दोन्ही जवळपास सारखे पडले की जांभळाच येणार.

मग हे केलं, ह्याच क्रमाने. फाईल मेनू, डॉक्युमेंट कलर मोड, सीएमवायके कलर (म्हणजे छपाईच्या चार शाया: सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा). पट्टा सिलेक्ट करून कलर पॅनल उघडलं (आरजीबी स्लायडर दिसले तर पॅनलच्या कोपऱ्यातल्या मेनूतून सीएमवायके निवडा), तर सायन ९८, मॅजेंटा ९४! मॅजेंटा ६० वर आणला, सायन १००, पिवळा ०, काळा १०. सायन-मॅजेंटात निदान ३० चा फरक ठेवाच. मोड बदलल्यावर काळी अक्षरं पण चार शायांची होतात, म्हणून बारीक मजकूर फक्त काळा १००, बाकी तिन्ही ०, नाहीतर कडा धूसर येतात. मग ३ मिमी ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून पानाबाहेर वाढवलेला रंग) देऊन पीडीएफ सेव्ह केली, आधी एकच प्रत काढली आणि ती बाहेर उजेडात नेऊन बघितली, ट्यूबलाइटखाली नाही. दर्या निळा आला.